भिंगरीची तालीम

ती. आईंना,
सुनेचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ह्यांना कारखान्यात जादा काम आहे, म्हणून या वेळी पत्र मी लिहितेय. तुमचे गुडघे कसे आहेत?

रविवारी फोनवर भिंगरी काही बोलली, तर मनावर घेऊ नका. चार वर्षांची पोर! आजीला काही सांगायचं नाही म्हटल्यापासून खेळण्यातल्या फोनवर तिची तालीम चाललीय. “आजी, बाबांचा हात मशीनमध्ये मुळ्ळीच सापडला नाही!”

“अगं, हेसुद्धा सांगायचं नाही.”

“मग आजीने विचारलं, बाबा पत्र का लिहीत नाहीत, तर?”

आई, जादा काम वगैरे काही नाही. उजवा हात आहे. बोटं वाचतील का, ते सोमवारी कळेल.

तुम्हाला काही ठाऊक नाही, एवढ्यावरच ह्यांनी धीर धरलाय. रविवारी बोलण्याआधी तुम्हीही तालीम करा.

तुमची,
सून