शनिवारचा पिझ्झा

भोर,
सोमवार

प्रिय शेफाली,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण आपली ओळख एका पाण्याच्या ग्लासापुरती. अद्वय गेल्यावर त्याच्या कंपनीतली मुलं घरी भेटायला आली, त्यांत तू होतीस. दाराजवळच्या खुर्चीत बसलीस, मी पाणी दिलं ते एका दमात प्यायलीस आणि बाकीची उठली तशी उठलीस. त्याच्या फोटोकडे एकदाही पाहिलं नाहीस. मला वाटलं, कुणाच्या तरी सोबतीला आलेली दिसतेय. मी अद्वयची आई, सुलू. हे पत्र सारोळ्याच्या हनुमंतच्या हाती देते आहे. त्याच्याकडे तुझा नंबर होता, मीच मागितला नाही. फोनवर माणसं ‘कशा आहात’ असं विचारतात आणि मग त्याचं उत्तर द्यावं लागतं.

उत्तर असं की मी बरी आहे. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तशी. आरशात दिसतो, पण चावला गेला तरी कळत नाही. पंचायत समितीत कामावर जाते, आलेलं टपाल नोंदवते, येताना बाजारातून भाजी आणते. अजून रडलेले नाही. माझी बहीण म्हणते, “सुलू, रड गं एकदाची, मोकळी हो.” जसं काही मी मुद्दाम अडवून धरलंय. शेजारणी माझ्यामागे बोलतात, काय दगडाचं काळीज आहे बाईचं. बोलोत बापड्या. सुरुवातीला मला त्यांचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. असो. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचं आहे, पिझ्झ्याबद्दल.

अद्वयने पहिला पिझ्झा खाल्ला तो सात वर्षांचा असताना, पुण्यात. चष्म्याचा नंबर काढायला नेलं होतं. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्याला धड दिसत नव्हतं, म्हणून भोकाड पसरलेलं. गप्प करायला त्याच्या बाबांनी समोरच्या हॉटेलात नेलं. वर मक्याचे दाणे आणि चीज, बाकी काही नाही. त्याने तो हातांनी चाचपत खाल्ला, अगदी शेवटचा दाणासुद्धा शोधून. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, “थालीपीठच की हे, फक्त इंग्रजी शाळेत गेलेलं.” त्या दिवसापासून आमच्या घरात ठरून गेलं की अद्वयला मक्याचा पिझ्झा आवडतो. वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो, नोकरीचं पत्र असो, मक्याचा पिझ्झा.

पुढे मी घरी करायला लागले. आमच्याकडे ओव्हन नाही. बेकरीतून तयार बेस आणायचे, तव्यावर लोणी सोडून एक बाजू भाजायची, उलटून त्यावर टोमॅटो, लसूण आणि चिमूटभर गुळाची शिजवलेली चटणी पसरायची, मग मका, किसलेलं चीज आणि वर झाकण. चीज वितळेपर्यंत खालची बाजू करपतेच. अद्वय म्हणायचा, “आई, करपलेलाच भाग भारी लागतो.” मी खरं मानायचे. आईला तेवढा भाबडेपणा माफ असावा. स्टँडजवळ पिझ्झ्याचं दुकान निघालं तेव्हा मी जरा धास्तावले होते, पण त्याने तिथला खाऊन सांगितलं की तुझ्या हाताची सर नाही. आता वाटतं, पोरगं चांगलंच राजकारणी होतं.

एकच पिझ्झा निराळा झाला, पासलीला. तिथे आमचं भाताचं खाचर आहे, बनाबाई ते कसते. बारावीच्या सुट्टीत आम्ही गेलो होतो. अद्वयने तिच्या चुलीवर नाचणीच्या भाकरीचा पिझ्झा केला. भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा, मूठभर कांदा, घरून नेलेलं चीज, वर उपडी परात आणि परातीवर निखारे. बनाबाईने घास घेतला, तर चीज तुटेचना. ती मान मागे मागे नेत राहिली आणि शेवटी हाताने तोडून म्हणाली, “आरं, ह्यो तर आमचाच ठेचा-भाकर हाय. त्येला ह्ये लांबडं कशापायी?” अद्वयने तीन भाकरी खाल्ल्या, नाकडोळे पुसत. आम्ही सगळे हसलो आणि भोरला आल्यावर मी पुन्हा मक्याचाच केला.

दहाव्याला नदीवर बायका येत नाहीत असं कुणीतरी म्हणालं. मी गेले. पिंडाशेजारी त्याच्या आवडीचं ठेवायचं म्हणून बाबांनी स्टँडजवळच्या दुकानातून मक्याचा पिझ्झा आणला होता आणि एक मी तव्यावरचा केला होता, नीट करपवून. उंबरावर कावळे होते. त्यांतला एक खाली उतरला, पानाभोवती फिरला, मक्याच्या दाण्यांकडे पाहिलं आणि परत फांदीवर जाऊन बसला. मग सगळे त्याला शब्द द्यायला लागले. मामा म्हणाला, आईबाबांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. बाबा म्हणाले, तुझी पुस्तकं कुणाला देणार नाही. चुलतभाऊ म्हणाला, गच्चीवरच्या झाडांना मी पाणी घालीन. कावळा ढिम्म. मी पानावरच्या माश्या वारत होते. ऊन चढत गेलं, चीज रबरासारखं झालं. गुरुजींना पुढे आणखी एकीकडे जायचं होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. तरी उंबर दिसला की त्या बाजूने मी आता जात नाही.

गेल्या आठवड्यात हनुमंत घरी आला. हायवेला पुलाच्या अलीकडे त्याची पिझ्झ्याची पत्र्याची शेड आहे हे तुला मी सांगायला नको. हातात अद्वयचा स्टीलचा डबा, लख्ख घासलेला. आत यायलाच तयार नव्हता. मी चहा ठेवला तेव्हा टेकला आणि अवघडून म्हणाला, “काकू, तुमची मटकी लई भारी असायची.” मला कळेना, माझी मटकी ह्याने कुठे खाल्ली. तर म्हणाला, “दादा शनवारी डबा आमाला द्यायचे. टाकून न्हाई दिला कदी. त्ये आन् शेफाली मॅडम पिझ्झा खायाचे. ठरलेलं असायचं बगा, चिकन, जादा कांदा, हिरवी मिरची. मॅडमना मिरची सोसायची न्हाई, तरी खायाच्या.”

शेफाली, आमच्या घरात अंडं घातलेला केकसुद्धा चालत नाही. आणि वार तरी कोणता, तर शनिवार! तो रोज हायवेवरून जातो म्हणून मी मारुतीचे शनिवार धरले होते. मी इकडे उपाशी आणि चिरंजीव तिकडे चिकन हाणतायत. मला धक्का बसायला हवा होता. मी हनुमंतला विचारलं, मोठा घ्यायचे की लहान? “मोठा,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आता मॅडम येकट्याच येत्यात. त्योच पिझ्झा मागवत्यात. निम्मा खात्यात, निम्मा तसाच ठिवत्यात. बांधून देऊ का म्हनलं, तर न्हाई म्हनत्यात.” तो गेल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. नदीवर आम्ही चोवीस वर्षांच्या मुलासाठी सात वर्षांच्या मुलाचं पान वाढलं होतं. ते बरोबर कसं वाढायचं हे सगळ्या भोरमध्ये कुणालाच माहीत नव्हतं, आणि सारोळ्यात एक मुलगी दर शनिवारी ते वाढत होती.

मग मला तुझा राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. माझा मुलगा तिखट खातो हे तुला ठाऊक आणि मला नाही! कोण कुठली तू. भांडी घासताना मी तुला मनातल्या मनात बरंच काही बोलले, ते लिहीत नाही. पण बोलता बोलता लक्षात आलं की पाणी गार लागतंय. इतक्या दिवसांत पाणी गार लागल्याचं मला पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं होतं तसं झालं. टपाल, भाजी, झोप. मी तो राग परत आणून बघितला, आला नाही. त्याच्या बाबांना तुझ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “नाव काय म्हणालीस?” मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

म्हणून लिहिते आहे. येत्या शनिवारी तू हनुमंतकडे जाऊ नकोस, आमच्याकडे ये. येताना चिकन आण, कारण कसलं आणायचं, किती आणायचं, ते आधी धुतात की शिजवतात, मला काही म्हणता काही ठाऊक नाही. त्यासाठी वेगळं भांडं शोधत होते, मग म्हटलं, आता कोणापासून वेगळं ठेवायचं? मला त्याच्या आवडीचा पिझ्झा करायला शिकव. मला खाता येईल की नाही सांगता येत नाही, तू मात्र पोटभर खा. आणि करता करता त्याच्याबद्दल बोल. तो तुझ्याशी कसा बोलायचा, कशावरून भांडायचा, आमच्याबद्दल काय सांगायचा, वाईट असलं तरी सांग. कदाचित ऐकता ऐकता मला रडू येईल. आलं तर घाबरू नकोस, पाणी आणायला उठू नकोस. मी तुला त्यासाठीच बोलावते आहे.

तुझीच, कोण ते तू आल्यावर ठरवू,
अद्वयची आई