दहा लाख तीनला भाग जात नाही

आमच्या हट्टी आप्पांना,

तुमच्या तेराव्याला दादानं तुमच्या दोन्ही वह्या रद्दीच्या गठ्ठ्यात टाकल्या. मी त्या काढून यवतला घेऊन आले. आज दुपारी दुकानात बसून त्यांतलं काम संपवलं, आणि तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

गेल्या वर्षी शिरूरच्या मार्केट यार्डात चहा पिता पिता त्या अडत्यानं तुम्हाला डिवचलं, "येवढ्या मोठ्या आकड्याला कुणाचा ना कुणाचा भाग जातोच." तुम्ही म्हणालात, "दहा लाख तीन घ्या. एकाचा जातोय आन् त्येचा सोताचा. तिसरा कुणी न्हाई." सगळे हसले. "आप्पा, मापाड्यानं पोती मोजावीत." खरं सांगा, तोवर तुम्ही शंभरापर्यंत तरी भागून पाहिलं होतं का? मला शंका आहे.

पण घरी येऊन वही घेतलीत. मी विचारलं, हे कुठवर चालणार? "हजारापत्तूर. दोन आकड्यांच्या गुणाकारानं ह्यो झाला आसंल, तर त्यातला धाकटा हजाराच्या आतच घावणार." त्यातही फक्त मूळ संख्या घ्यायच्या. सात, अकरा, तेरा, तिघांनाही बाकी चारच उरली, तेव्हा मला फोन केलात. माझी भाकरी करपली.

ते सांगितलंत, छातीत दुखतंय हे मात्र सांगितलं नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही. सहाशे तेराला बाकी दोनशे, एवढं लिहून तुम्ही गेलात.

दादा म्हणाला, "फोनवर बघ की, मूळच आहे. आणि आप्पांनी वर 'एकूण १६९' लिहिलंय. हजारापर्यंत मूळ संख्या १६८च आहेत. सुरुवातच चुकली, वही कशाला ठेवायची?"

मी पहिलं पान उघडलं. पहिली ओळ: लाभ, बाकी शून्य. जन्मभर धान्याच्या पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणारा माणूस भागाकारही तिथूनच मोजणार ना! एक ही मूळ संख्या नाही, आप्पा. एवढी चूक तुमची, दादापुढं मी ती कबूल केली. मग उरलेल्या एकशे बारा ओळी पुन्हा करून पाहिल्या. एकही भागाकार चुकलेला नाही.

फोनला उत्तर माहीत असेल, असू दे. तुम्हाला हसणाऱ्यांना ते फोननं सांगावं, हे मला मंजूर नाही. सहाशे सतरापासून पुढं मी भागत गेले. छप्पन्न भागाकार. गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आलं की 'बसा जरा' म्हणायचं आणि बाकी काढायची. शेवटी नऊशे सत्त्याण्णव: बाकी बारा. कुणाचाच भाग गेला नाही. मी दुकानातच रडले, मशीनवरची पोरगी घाबरली.

सोमवारी शिरूरला येते आहे. त्या अडत्याच्या पेढीवर दोन्ही वह्या ठेवीन, शेजारी पेन्सिल. ज्याला हसायचं असेल त्यानं आधी एक तरी भागाकार चुकलेला दाखवावा. तोवर मी तिथून उठणार नाही, हा माझा शब्द.

तुमची लेक,
शोभा
सहाशे सतरापासून पुढं