लाल खांबांच्या वाटेवरचा विम

१८ मार्च २०२०, बुधवार, वाखनिंगन

या वहीची आधी माफी मागतो. आठ फेब्रुवारीला इथं उतरलो आणि पहिली ओळ आज, सव्वा महिन्यानं. टपालखात्यात होतो तोवर रोजचं रोज लिहायची सवय होती. पाटण सुटलं, सवयही सुटली. काय लिहायचं ते आजही नीट कळत नाही, पण बोलायला कुणी नाही.

महेश वरच्या खोलीत दार लावून काम करतो, विद्यापीठ बंद आहे. सूनबाई अश्विनीचं ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर. नात इराची शाळा बंद. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये. मी कुठंही बसलो तरी कुणाच्या ना कुणाच्या कॅमेऱ्यात येतो. काल पायजम्यात मागून गेलो तर म.च्या साहेबांनी हात हलवला म्हणे. म. म्हणाला, बाबा, तुम्ही जरा फिरून या.

फिरून आलो. गाव संपतं तिथं चढ आहे, त्याला हे डोंगर म्हणतात. आमच्याकडं बांध म्हटला असता. पण झाडी दाट आहे आणि खाली नदी दिसते.

१९ मार्च, गुरुवार

रानातल्या वाटा आखलेल्या आहेत. कमरेएवढे लाकडी खांब, डोक्याला रंग. लाल वाट पाच किलोमीटर, निळी आठ. रंग धरून चालायचं, फिरून पहिल्या जागी येतो. म.नं बजावलंय, फक्त लाल. फोन खिशात. कुणाच्या जवळ जायचं नाही.

चढउतार बरा आहे. एक पान नाही झाडांना. तीस वर्षं टपालाची पिशवी घेऊन पाच वाड्या चाललो, पण चालताना असं ओझ्याशिवाय... हात कुठं ठेवावे कळत नाही.

२० मार्च, शुक्रवार

चुकलो. लाल खांब कुठं सुटला ते कळलंच नाही, निळ्याला लागलो. फोनला रेंज नाही. पांढऱ्या सालीच्या झाडांमधून एक उंच म्हातारा आला, बरोबर काळा कुत्रा. मी "रेड, रेड" म्हटलं. त्यानं काठीनं दिशा दाखवली, मग माझं तोंड बघून स्वतःच पुढं चालू लागला. मी मागं. दोन वाटा फुटतात तिथल्या बाकापर्यंत आणून सोडलं. छातीवर हात ठेवून म्हणाला, विम. मी म्हटलं, सदाशिव. त्याला ते जमेना. "सादा," म्हणाला. ठीक आहे.

२३ मार्च, सोमवार

तीन दिवस झाले, दहा वाजता त्याच बाकावर. ठरवलं कुणीच नाही. तो या टोकाला, मी त्या टोकाला, मधे कुत्रा. कुत्र्याचं नाव बोरिस. नंतर लाल वाटेची एक फेरी, तो वाटेच्या डाव्या कडेनं, मी उजव्या. दीड मीटर लांब राहायचा नियम आलाय, तो काठी आडवी धरून मोजतो आणि हसतो.

तो डचमध्ये बोलतो, मी मराठीत. मी त्याला आमच्या घाटाचं सांगितलं, हिच्या आजारपणाचंसुद्धा सांगितलं. हिला जाऊन तीन वर्षं झाली, इतकं सलग कुणाला सांगितलं नव्हतं. कळत काही नाही, त्यामुळं कुणी कुणाचं खोडत नाही. फेरी संपली की तो निळ्या वाटेनं जातो. घर तिकडंच असणार.

घरी म. म्हणाला, "तुम्हाला भाषा येत नाही, आणि मित्र माझ्याआधी झाला. मला इथं सहा वर्षं झाली."

विमानं बंद झाली. पाच मेचं परतीचं तिकीट गेलं म्हणायचं.

२४ मार्च, मंगळवार

सकाळपासून घसा धरलाय. थोडा खोकला. पूर्वेचा वारा फार गार, त्यानंच असेल. घरात सांगितलं नाही. सांगितलं तर दहाची फेरी बंद.

फेरी केली. दोनदाच खोकलो, तेही मागं राहून.

२५ मार्च, बुधवार, पाडवा

गॅलरीत गुढी उभारली. कपडे वाळत घालायच्या काठीला अश्विनीची पैठणी. तिनं वाळलेला कडुनिंब जपून ठेवला होता, गूळ, डाळ, ओवा घालून प्रसाद केला. मी थोडा डबीत घेतला, विमसाठी.

बाकावर डबी उघडली. त्यानं खूण केली, मधे ठेव, मी घेतो. माझ्या हातून ते होईना. प्रसाद कुणी बाकावर ठेवतं का, तोही जिथं कुत्रा बसतो तिथं? प्रसाद हातावर द्यायचा असतो. उठलो, जवळ गेलो. त्यानं जरा थांबून माझ्याकडं पाहिलं, मग हातमोजा काढला आणि ओंजळ पुढं केली. मी चिमटीनं घातला. खाल्ला. असं तोंड केलं की मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, झाडाकडं तोंड केलं. पण वेळेवर केलं का?

२६ मार्च, गुरुवार

अंगात ताप. अश्विनीनं खोकणं ऐकलंच.

२८ मार्च

घरच्या डॉक्टरला इथं हाउसआर्ट्स म्हणतात. फोनवरच बोलला. श्वास ठीक आहे तर घरातच रहा, घरी असलेल्यांची टेस्ट करत नाहीत. म्हणजे हा तोच आजार की साधं पडसं, ते कधीच कळणार नाही. माळ्याच्या खोलीत चौदा दिवस. ताट दाराबाहेर.

दहा वाजले की घड्याळ बघतो. तो आला असेल. बोरिस बसला असेल.

३१ मार्च

ताप उतरला. डोकं मात्र एकाच जागी. त्यानं मोजा काढला. उघडा हात, तोच हात तोंडाला. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा असेल. म्हणजे ऐंशीच्या...

४ एप्रिल

बातम्या लावू नका म्हटलं तरी खालून ऐकू येतात. घरात बाकी कुणाला काही नाही. त्याचं काय?

९ एप्रिल, गुरुवार

चौदा दिवस पूर्ण. पायात बळ नाही, तरी गेलो. झाडांना कोवळी पानं फुटलीत, इतकी हिरवी की रान ओळखू येईना. बाकावर दीड तास. कुणी नाही.

११ एप्रिल

नाही.

१३ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी, वाटेवर माणसंच माणसं. पोरंबाळं, टोपल्या. काळा कुत्रा दिसला, धावलो. बोरिस नव्हता. मालकीणबाई घाबरून मागं सरकली. मीही.

१४ एप्रिल, मंगळवार

निळ्या वाटेनं गेलो. म.ला सांगितलं नाही. चढ, उतार, गवताळ माळ, परत झाडी, तासाभरानं रानामागचं गाव लागलं. इथले लोक खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, आतलं सगळं दिसतं. मी रस्त्यानं हळूहळू, प्रत्येक खिडकीत कुत्रा शोधत. खुर्च्या, फुलं, म्हातारी माणसं टीव्हीसमोर. त्यातला एकही तो नव्हे. एक बाई दारात येऊन कडक आवाजात काहीतरी म्हणाली. "विम? विम?" म्हटलं. तिनं आणखी काही विचारलं, मी मान हलवून निघून आलो.

"शिवराम, वडाच्या वरची आळी" एवढ्यावर मी पत्र पोचवलंय. कुठल्याही वाडीत पहिल्या माणसाला विचारलं की घर सापडायचं. म्हणून विमचं आडनाव विचारावं असं कधी डोक्यातच आलं नाही. वीस दिवस उलटले, आणि माझ्याकडं आहे काय, तर दोन अक्षरं.

१६ एप्रिल, गुरुवार

आज सांगून टाकलं. जेवताना पोळी तशीच ठेवली. अश्विनीनं विचारलं, बाबा काय होतंय?

सगळं सांगितलं. चोवीसची सकाळ, घसा, प्रसाद, मोजा.

म.नं ताट सरकवलं. "म्हणजे खोकला होता हे तुम्हाला आदल्या दिवशीच माहीत होतं?"

"होतं."

"इरा घरात होती, बाबा. तिच्याशी पत्ते खेळत होता तुम्ही."

तो वर गेला, दार लावलं. इरा माझ्याकडं बघत होती. तिला सगळं कळतं.

भांडी आवरताना अश्विनी म्हणाली, तुम्हाला तिथं एकच माणूस मिळालं होतं, म्हणून बोलला नाहीत ना. मी धुतलेलं पातेलं पुसून फळीवर ठेवलं.

१८ एप्रिल, शनिवार

दोन दिवस म. माझ्याशी कामापुरतंच. आज आपणहून लाल वाटेवर आला. बाकापाशी थांबला, म्हणाला, "तो बरा असेल तर त्यालाही वाटत असेल, तो इंडियन म्हातारा गेला बहुतेक. तुम्ही पण दोन आठवडे गायबच होता की."

मी गेलो असं त्याला वाटेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. तो येऊन बसला असेल, रोज दहाला, आणि मी नाही. मग त्यानं येणं सोडलं असेल. तसं असलं तर देव पावला. नसलं तर...

२० एप्रिल, सोमवार

अश्विनी डचच्या वर्गाला जायची, तिला लिहिता येतं. पत्र लिहून बाकाला बांधू म्हणाली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. खोकल्याचं आलं तेव्हा तिचं पेन थांबलं. म्हणाली, "हे नको घालूया बाबा. तो बरा असेल तर उगाच घाबरेल. आणि नसेल तर त्याच्या घरचे वाचतील."

मी म्हटलं, घरचे वाचतील म्हणूनच घाल.

तिनं मग लिहिलं.

२१ एप्रिल, मंगळवार

प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाकाच्या पाठीला सुतळीनं बांधलं. खाली म.चा फोन नंबर. म.नं गाठ मारली. माघारी येताना तीनदा वळून बघितलं.

जे सांगितलं ते मराठीत इथं उतरवून ठेवतो:

विम, मी सादा. मी जिवंत आहे. तुम्हाला कडू प्रसाद दिला त्या दिवशी मला खोकला होता आणि ते मला माहीत होतं. तरी मी जवळ आलो. दुसऱ्या दिवशी ताप आला, म्हणून मला येता आलं नाही. चूक माझी आहे. तुमचं घर मला सापडलं नाही. मी रोज दहा वाजता इथं येतो, लांब उभा राहीन. तुम्ही आजारी असाल तर ज्या कुणाला हे पत्र दिसेल त्यांनी मला कळवावं. रागावला असाल तर तेवढंच कळवा. फक्त लवकर कळवा.