छपराखालचा चेहरा

प्रिय आई,

तीन आठवडे रोज कागद पुढ्यात घेतो आणि ढगांकडे बघत बसतो. निव्वळ आळस, दुसरं काही नाही. जेवतो वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

आम्ही डागडुजी करतोय ते इथलं चर्च आठशे वर्षांचं. आत शिरलं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. बाहेर छपराखाली दगडी मुंडक्यांची रांग आहे. एकाच्या उघड्या तोंडात पाकोळीनं घरटं केलंय, पिल्लंही आहेत. शेजारचं मुंडकं फुटलं होतं. उरलेल्या अर्ध्या नाकाच्या रेषेवरून मी तंद्रीतच नवं कोरलं.

ते बसवलं, तर खाली धुणं धुणारी एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, हा तर आपला आंसेल्म पाववाला."

तो हिवाळ्यात वारला. मी त्याला कधी पाहिलंही नाही गं. आठशे वर्षं गावात तेच नाक फिरतंय, त्याला मी काय करू?

आमचे मिस्त्री फिर्मँ म्हणाले, "लेका, वेडीवाकडी तोंडं कोरायला दगड दिला होता, मेलेली माणसं उठवायला नाही. त्याची बायको नको म्हणाली तर हे फोडीन, आणि तूही वाट धर."

आई, पहिल्यांदाच मला कुठून निघावंसं वाटत नाहीये. पण त्याची बायको लेओंतीन तो गेल्यापासून घराबाहेरच पडत नाही. तिला विचारणार कोण?

परांचीवर बसून लिहितोय. थांब, शिडी हलतेय. लेओंतीनच वर आलीय. माझ्याकडे न बघता त्या नाकावरची दगडाची भुकटी एप्रनने पुसतेय. म्हणते, "पिठानं माखून भट्टीवरून आला तरी एवढा पांढरा नसायचा रे."

तुझा,
गास्पार