दोन कॉलमांतली भीमाबाई

९ ऑक्टो., सोम. पांढरकवडा
संशोधनाचा पेपर मासिकाच्या साच्यात बसवायला घेतला. दोन कॉलम, पानं सहाच. माझी नऊ. कपाशीवर औषध फवारणाऱ्या बायांच्या डोळ्यांच्या इजांचा तक्ता एका कॉलमात मावत नाही. ओढला की शेजारचा मजकूर खातो. नवरा, सलीम, गॅरेजातून जेवायला आला. "अजून तेच?" तेच. पेपर छापला तरच कायमच्या जागेची मुलाखत. नाही तर पुन्हा तासिकेवर प्राणिशास्त्र शिकवणं...

११ ऑक्टो.
लाइट गेली. सेव्ह नव्हतं. तक्ता पहिल्यापासून.
फवारणाऱ्यांतल्या भीमाबाईचं बोलणं मराठीतच ठेवायचं होतं: "औषिद डोयात उडालं, तवापासून डाव्या अंगानं कोनी आलं तं दिसत नाही." साच्यात टाकलं की अक्षरांऐवजी नुसते चौकोन. शेवटी इंग्रजी केलं. बोलणं तिचं वाटेना.

१२ ऑक्टो.
गाइड सरांचा फोन. "मॅडम, ते बाईचं बोलणं काढा, अर्धं पान वाचेल."
म्हटलं, सर, बाकी सगळे आकडेच आहेत.
"मग? आकडेच पाहिजेत."
नाही काढणार म्हटलं. सर चिडले.

१५ ऑक्टो., रवि.
संदर्भ बारीक टाइपात. दोन आलेखांचा एक केला. आभार उडवले, त्यात अब्बांचं नाव होतं. बसला! भीमाबाई चौकटीत, नाव सोडून वय, गाव, सगळं. सर म्हणाले, "हट्टी आहात. पाठवा, मी सबमिट करतो." आज पोटभर जेवले.

१७ ऑक्टो.
कॉलेजातून आले तर भीमाबाई ओट्यावर. सलीमनं दिलेला चहा तसाच.
"मॅडम, माहं लिवलेलं काढून टाका."
"काहून? नाव नाही टाकलं तुमचं."
"गावात एका डोयाची मी एकलीच हाओ. कोनाले काय सांगतलं म्हनून वावराचा मालक इचारून राह्यला. वेचनीले नाही बलावलं तं कोठी जाऊ?"
आत येऊन सरांना फोन लावला. खुशीत होते. "सकाळीच सबमिट केलं."
"सर, परत घ्या."
"परत घेतला की वर्ष गेलं. मुलाखतीचं काय?"
"विचार करून सांगा," म्हणाले, फोन ठेवला.
बाहेर सलीम तिला म्हणाला, "मावशी, बस निघून जाईन."
"जाऊ दे. मॅडमनं काढलं म्हनलं का जातो."
ती बसून आहे. मी आत हे लिहून राहिले.