खुनी दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानानंतर

आदरणीय व्याहीबुवांस,

साष्टांग नमस्कार घालण्याची इच्छा आहे, परंतु गुडघे अनुमती देत नाहीत. तरी उभ्याने केलेला नमस्कार आडवा समजून स्वीकारावा. आपल्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडल्याचे आमच्या मुलीकडून समजले. पट्टी सुटताच आपण वर्तमानपत्र न मागता रहस्यकादंबरी मागितलीत, हेही समजले. आपली सून या नात्याने तिने ते कौतुकाने सांगितले. माझी मुलगी असूनही कौतुकाने सांगितले, याचे वाईट वाटले. सौ. विहीणबाईंस नमस्कार, जावईबापूंस आशीर्वाद. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो.

आमच्या ग्रंथालयाच्या दाराशी 'या महिन्याची शिफारस' असा जो फळा आहे, तो गेली अकरा वर्षे माझ्या हस्ताक्षरात आहे. नव्या रहस्यकादंबऱ्यांविषयी माझे मत आपण जाणता. पहिल्या पानावर प्रेत, दुसऱ्यावर पाऊस, तिसऱ्यावर बायकोने टाकलेला पोलीस अधिकारी, आणि मलपृष्ठावर 'श्वास रोखून धरायला लावणारी' अशी ग्वाही (तीनशे पाने श्वास रोखून धरणाऱ्याचे पुढे काय होते, हे प्रकाशकांनी एकदा डॉक्टरांना विचारावे). तथापि वाचकांना तेच हवे असते; म्हणून वर्षातून एकदा मी नाक दाबून अशा पाच निवडतो. यंदाच्या पाचांपैकी एकीत गुप्तहेर शंभराव्या पानापर्यंत सर्दीने अंथरुणाला खिळलेला आहे, आणि तेवढा भाग मला खरोखर विश्वसनीय वाटला. दुसरीत खुनी कोण हे मुखपृष्ठावरील चित्रावरूनच कळते, त्यामुळे वाचकाचा वेळ वाचतो. हीच यादी मी आपणांस पाठवली होती, आणि आपण पाचही पुस्तके विकत घेतलीत, हा आपला मोठेपणा.

यादीतले पहिले पुस्तक आपणांस स्मरत असेल. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा त्याच्याच दुकानात खून होतो, संशयित सात. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर सातही जण एका खोलीत बसले आहेत, निरीक्षक 'खुनी याच खोलीत आहे' असे म्हणतात, दार उघडते आणि सर्वजण मागे वळून पाहतात. पूर्णविराम. पुढे कोरा कागद आणि पुठ्ठा. मी पुस्तक आदराने मिटले. मराठीत असे धैर्य कोणी दाखवील असे मला वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले: 'रहस्य उलगडून दाखवणे हे हमालाचे काम आहे. ही लेखिका दार उघडते आणि वाचकावर विश्वास टाकून थांबते.' ग्रंथालयात प्रत एकच. आमच्या वाचकमंडळाच्या नऊ सभासदांनी ती आळीपाळीने वाचली. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना शेवटी रडू आले. दंतवैद्यांनी (हे दातांप्रमाणे मतेही दुसऱ्यांचीच बसवतात) माझेच वाक्य मला दोनदा ऐकवले.

मंडळात टेलरमास्तर नव्याने आले होते. सर्वांचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "पण काका, मारलं कोणी?" त्यावर मी जे उत्तर दिले, ते त्या क्षणी मला फार आवडले होते. मी म्हणालो, "खरा वाचक कोणी मारलं ते विचारत नाही." मंडळी हसली. दंतवैद्य सर्वांत जास्त हसले. टेलरमास्तर पुढच्या दोन बैठकांना आले नाहीत, आणि ते का आले नाहीत, हे विचारण्याची तसदी आम्हा खऱ्या वाचकांपैकी कोणीही घेतली नाही.

माझे विवेचन ग्रंथालयाच्या पत्रिकेत छापून आले. ग्रंथपालांनी ते लेखिकेकडे धाडले. लेखिकेचे उत्तर आले की, आपल्या कादंबरीच्या शेवटाचा असा अर्थ आपणांस स्वतःलाही कधी सुचला नव्हता. तो प्रत्यक्ष ऐकण्यास आपण अवश्य येऊ. ते पत्र मी चौकट करून लावावे, असेही एकदा मनात आले. येत्या शनिवारी साडेचार वाजता त्या येत आहेत, आणि 'शेवटाचे धैर्य' या विषयावर त्यांच्या समक्ष मी पाऊण तास बोलणार आहे.

गेल्या मंगळवारी टेलरमास्तर ग्रंथालयात आले. एक ग्राहक बाई त्याच कादंबरीची स्वतःची प्रत त्यांच्या दुकानात विसरल्या होत्या. ती त्यांनी काजे करता करता वाचली, आणि बाई परगावी निघाल्या तेव्हा परत केली. त्या प्रतीत पाने तीनशे चार होती. म्हणजे आमच्या प्रतीत शेवटचा फर्मा, एकत्र घडी घातलेली सोळा पाने, बांधणाऱ्याकडून राहूनच गेली होती. छत्तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून मी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचे वेतन घेतले, व्याहीबुवा. एक फर्मा तीनशे फुटांवरून ओळखीन, असे मी अनेकांना सांगितलेले आहे. टेलरमास्तर शांतपणे म्हणाले, "काका, आमच्या धंद्यात कापड कमी पडलं की गिऱ्हाइकाला फॅशन आहे म्हणून सांगतात."

मी घसा साफ करून, केवळ जिज्ञासा म्हणून, खुनी कोण निघाला असे विचारले. ते म्हणाले, "खरा वाचक विचारत नाही ना?" आणि छत्री उचलून गेले. दुकानांत प्रती संपल्या आहेत. नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात. दंतवैद्यांना सांगावे, तर त्यांना फळा हवाच आहे, आणि तो त्यांच्या हाती गेला, तर वाचकांचे काय होईल याची कल्पनाही करवत नाही. असो. विद्वत्ता ही सोळा पानांवर अवलंबून नसते, असा मी मनाशी निश्चय केला आहे. पाहू.

डोळ्यात औषध वेळेवर घालत जावे व मान खाली घालून वाचू नये.

आपला,
आपणांस चांगला ओळखून असलेला व्याही

ता.क. आपल्या मागील पत्रात 'शेवटी तो निघेल असे वाटले नव्हते' असे एक वाक्य होते. 'तो' कोणी नाहीच, आपण मोतीबिंदूमुळे भलतेच वाचलेत, असे मी चार पाने भरून कळवले होते. ती चार पाने फाडून टाकावीत. आणि 'तो' म्हणजे कोण, ते उलट टपाली बंद पाकिटातून कळवावे. कार्डावर लिहू नये. दूरध्वनी करू नये. तो घरात दुसरेच उचलतात.

ता.क. दुसरा. पत्र पाकिटात घालताना सौभाग्यवतींनी वाचले. (ती प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापासून वाचते, पत्रे मात्र पूर्ण वाचते.) म्हणाली, "पुढची पानं नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात." त्यानंतर तिने विहीणबाईंना फोन लावला. दोघी अर्धा तास हसल्या. आता तिला खुनी ठाऊक आहे आणि ती ओट्यापाशी गुणगुणत आहे. अट एकच घालते: आधी टेलरमास्तरांची क्षमा मागा, मग नाव सांगते.

ता.क. तिसरा. आज सकाळी विजार घेऊन त्यांच्या दुकानी गेलो होतो. विजारीचे निमित्त, आणि बोलण्याच्या ओघात काय ते सांगून टाकू, असा बेत होता. त्यांनी विजार उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, हिच्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही असे सांगून घडी घालून परत दिली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे माप घेऊ लागले. मी 'बरं' एवढेच म्हणून निघालो. म्हणजे शनिवारपूर्वी मला घरातले काहीतरी फाडून पुन्हा जाणे आले. आपले उत्तर त्याआधी पोहोचले, तर एक सदरा वाचेल.