दसऱ्यापर्यंत वेदनारहित

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून क्लिनिक माझं. म्हणजे जवळजवळ माझं. सासरे, अण्णा, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी बसले. बोरीवली पूर्वेला त्यांनी आयुष्यभर दात काढले. स्टेशनपासून नॅशनल पार्कपर्यंत अण्णांचा हात गेला नाही असा जबडा सापडणं कठीण. त्यांनी शब्द दिलाय: दसऱ्यापर्यंत नीट चालवलंस तर दारावर तुझ्या नावाचा बोर्ड. नाही चालवलंस तर गुडघा कसाही असो, मी परत येऊन बसेन.

पेशंट सध्या मला ‘जावईबापू’ म्हणतात. आज तिघांनी आत डोकावून विचारलं, अण्णा नाहीत का? एक तर ‘मग नंतर येतो’ म्हणून गेलाही. हे मला फार लागतं. दसऱ्यापासून ‘डॉक्टर’ म्हणतील.

संकल्प एकच. आवाज चढवायचा नाही. तसा मी स्वभावाने शांतच आहे.

स्टाफ: खुर्चीपाशी मालन, काउंटरवर रत्नप्रभा. सख्ख्या जावा, माहेर-सासर कणकवलीकडे. दोघी तरुणपणी इथल्याच एका मंडळाकडून कबड्डी खेळायच्या. मालनने रत्नप्रभाला मैदानातच दिरासाठी पसंत केली म्हणे.

त्यांची पद्धत आज पाहिली आणि हादरलो. दाढ काढायची वेळ आली की मालन मागून येऊन पेशंटचं डोकं काखेत आवळते. रत्नप्रभा काउंटर सोडून धावत येते आणि पाय पकडते. पेशंट हलूच शकत नाही. डोक्यावरून दोघींच्या बांगड्याच्या भावावर गप्पा चालू. म्हणजे माशाच्या. पेशंटही त्यात भाग घ्यायला बघतो, पण तोंड उघडं असतं.

दवाखाना आहे की मैदान? हे बंद.

५ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी स्टाफ मीटिंग घेतली. या क्लिनिकच्या इतिहासातली पहिली. जाहीर केलं: इथून पुढे पेशंटला कोणी धरणार नाही. फक्त संवाद. आपण वेदनारहित क्लिनिक आहोत. मालनने एकच प्रश्न विचारला. “आणि पेशंट चावलो तर?”

मी नुसता हसलो.

अकराच्या सुमारास चावला. निवृत्त पीटीचे मास्तर, दात अजून एकदम मजबूत. उजव्या हाताची तर्जनी. मालन हात मागे बांधून उभी होती, नियमाप्रमाणे. मी ओरडलो नाही. खालच्या केमिस्टने वर येऊन काय झालं विचारलं, पण तो कॉम्प्रेसरचा आवाज होता.

९ ऑगस्ट, शनिवार
गर्दी. माउथ मिरर हातातून सुटला आणि समोरच्या भिंतीपर्यंत गेला. अशा गोष्टी होतात.

संध्याकाळी रत्नप्रभा फोनवर गणपतीच्या बुकिंगचं बोलत होती आणि बाहेर दोन पेशंट नंबरावरून एकमेकांची कॉलर धरून उभे. मी तिचं लक्ष वेधण्यासाठी प्लास्टरचा जबडा तिच्या दिशेने सरकवला. हवेतून. तिने फोन खाली न ठेवता एका हाताने झेलला आणि परत पाठवला. माझ्या कानावर बसला. मग तिने त्या दोघांच्या माना पकडून त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं. फोन चालूच.

नेम चांगला आहे, हे मान्य. पण शिस्त नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
महत्त्वाचा दिवस. दोघींना गणपतीची रजा हवी. आधीचे दोन दिवस, नंतर गौरी जाईपर्यंत. अण्णा म्हणे दर वर्षी क्लिनिकच बंद ठेवायचे. मी शांतपणे समजावलं की अण्णांचा काळ गेला. प्रोफेशनल क्लिनिक सणाला बंद राहत नाही. रजा नाही.

मालन मालवणीत गेली, म्हणजे विषय संपला. “गणपतीक गावाक जावचा नाय, तर मगे वर्षभर राबतंव कित्याक?”

मी टेबलावर हात ठेवला. जरा जोरात ठेवला गेला असेल. काच तडकली. दोघींनी अ‍ॅप्रन काढून त्या काचेवर ठेवले, घड्या घालून, आणि निघून गेल्या.

मी त्यांना जाऊ दिलं. लीडरने असे निर्णय घ्यावे लागतात.

मृणालिनी (बायको, पवईला एका ऑफिसात एचआर) म्हणाली, अरे सौरभ, कोकणातल्या माणसाला मुंबईत कुठली रजा नाकारायची नसते, एवढं तरी माहीत हवं. मी म्हटलं, एचआर हे काही शास्त्र नाही. ती दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. एसी तिथे जास्त चांगला चालतो.

त्याआधी, घरी येताना, बोर्डाची ऑर्डर दिली. तयार असलेला बरा.

१४ ऑगस्ट, गुरुवार
नवी टीम. झकास. श्रुतिका: हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, मंद आवाज, पेशंटला ‘सर, कम्फर्टेबल आहात ना?’ विचारते. आकाश: व्यायामशाळेतला गडी, लग्नाचा, दंड माझ्या मांडीएवढे. तो धरणार नाही, फक्त उभा राहील. उभं राहण्याचा मानसिक परिणाम होतो.

फक्त शनिवारी अर्धा दिवस सुट्टी हवी म्हणाला. काही घरगुती आहे.

१७ ऑगस्ट, रविवार
घरगुती म्हणजे दहीहंडी. आकाश तिसऱ्या थरावर होता. वरचे थर त्याच्यावर आले. उजवा हात प्लास्टरमध्ये, कोपरापासून बोटांपर्यंत. म्हणतो, साहेब, डावा आहे ना.

काढून टाकणार होतो. पण प्लास्टरसकट माणूस उभा राहू शकतो. मानसिक परिणाम उलट वाढतो.

२० ऑगस्ट, बुधवार
श्रुतिकाने आज पहिल्यांदा रक्त पाहिलं. कम्फर्टेबल आहात ना, असं म्हणत म्हणत इन्स्ट्रुमेंटच्या ट्रेवर पडली. ट्रे पेशंटच्या पोटावर. पेशंटचा गुडघा माझ्या हनुवटीवर. माझे दात माझ्याच जिभेवर.

जीभ सुजल्यामुळे उरलेला दिवस संवाद साधता आला नाही. बोर्ड आला. सुंदर आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं: डॉ. सौरभ, आणि खाली ‘वेदनारहित दंतचिकित्सा’. कॉम्प्रेसरच्या मागे लपवून ठेवलाय. दुपारी एकदा जाऊन बघून आलो.

२८ ऑगस्ट, गुरुवार
गणपतीत क्लिनिक उघडं ठेवण्याचा निर्णय अचूक ठरला. आसपासचे सगळे डेन्टिस्ट बंद, त्यामुळे अर्ध्या उपनगराच्या दाढा माझ्याकडे. सुक्या खोबऱ्याचा प्रसाद दातांना सोसत नाही.

बाकं कमी पडली. नंबर बघायला कोणी नाही. लोक एकमेकांना नंबर देत होते, ‘काकू, तुम्ही जा आधी, आरतीला पोचायचंय तुम्हाला’, आणि मग परत मागत होते. दुपारी चपला उडाल्या. आकाश मध्ये पडला आणि प्लास्टरचा हात एका गृहस्थाच्या कपाळावर पडला. गृहस्थ दातासाठी आले होते, टाके घालायला पुढच्या दवाखान्यात गेले.

आत श्रुतिका एका आजोबांना म्हणाली, दीर्घ श्वास घ्या, सर. त्यांनी घेतला, आणि सोडताना तिला ओरबाडलं.

संध्याकाळी तिचा राजीनामा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. सोबत मनगटाचा फोटो.

मी शांत आहे. कॉम्प्रेसरला लाथ मारली ती तो चालू करण्यासाठी.

११ सप्टेंबर, गुरुवार
एकटाच. एका हातात लाळ ओढायची सक्शनची नळी, एका हातात पक्कड. नंबर मीच पुकारतो. आकाश पाय धरतो, डाव्या हाताने, म्हणजे एकच पाय. दुसरा मोकळा राहतो. बरगड्यांना रोज बाम.

आज वाटलं, मालनची ती पकड एवढी काय अवघड असणार. पेशंटचं डोकं काखेत घेतलं आणि पक्कड पुढून आणली. पेशंट उसळला. त्याचं टाळकं माझ्या नाकावर. दोघांचं रक्त एकाच बोळ्याने पुसलं, मग लक्षात आल्यावर बोळा टाकला.

त्याची बायको बाहेरून धावत आली. तिने आधी मला मारलं, मग विचारलं, काय झालं म्हणून.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
वाट लागली आहे, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. पण दसरा जवळ आला.

मालन राहते त्या बिल्डिंगखाली सहज गेलो. सहज म्हणजे पेढे घेऊन. दोघी जावा गावाहून आल्यात, काळ्या पडल्यात, खूश आहेत. मी सांगितलं की मी झालेलं विसरायला तयार आहे. मालनने पेढा घेतला. मग म्हणाली, दोघींना काम लागलं. दहिसरला, जनावरांच्या डॉक्टरकडे.

मी म्हटलं, अगं, कुत्रे चावतील तिथे.

“चावतत,” मालन म्हणाली. “पण मीटिंग घेणत नाय.”

रत्नप्रभा हसली. उरलेल्या पेढ्यांचा बॉक्स तिने आत नेला. घरी येताना मला रडू आलं. नाक अजून सुजलेलं आहे, त्यामुळे डोळ्यांतून पाणी येतंच.

२३ सप्टेंबर, मंगळवार
अण्णांचा फोन. कसं चाललंय? मी म्हटलं, एकदम स्मूथ. मागे बाहेर कोणीतरी कोणालातरी बाकावरून ढकललं. अण्णा म्हणाले, कसला आवाज? मी म्हटलं, पेशंट हसतायत.

३० सप्टेंबर, मंगळवार. डाव्या हाताने लिहितोय
चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ. जिमचे मालक. गळा नाही, डोकं सरळ खांद्यावर. अक्कलदाढ. भूल दिली. ‘वेदनारहित’, मी म्हटलं. ते म्हणाले, डॉक्टर, मला फक्त एकाच गोष्टीची भीती वाटते.

त्यांनी मला डॉक्टर म्हटलं. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी इतका खूश झालो की कसली भीती ते विचारलंच नाही.

इंजेक्शनची नव्हती. पकडीची होती.

पक्कड दिसताच त्यांचे दोन्ही पाय माझ्या छातीवर आले. मी चाकांच्या स्टुलावर होतो. स्टूल आकाशला घेऊन निघालं, आकाश वाटेत सुटला, मी मात्र नाही. वेटिंग रूममधल्या लोकांनी पाय वर घेतले. एका मुलाने टाळ्या वाजवल्या. मी काचेच्या दारातून बाहेर गेलो आणि जिन्याच्या कठड्याला अडकलो.

मनगट मोडलं. उजवं. आकाशचं प्लास्टर आजच सकाळी निघालं होतं.

दाढ आहे तिथेच होती. चंद्रप्रकाश खुर्चीत बसून रडत होते आणि सॉरी सॉरी म्हणत होते. मृणालिनीला कोणीतरी कळवलं. ती पवईहून आली, काचांकडे बघितलं, माझ्या मनगटाकडे बघितलं, आणि दोन फोन केले. एक अण्णांना, एक दहिसरला.

पुढच्या गणपतीची रजा आत्ताच मंजूर, एवढंच ती त्या दुसऱ्या फोनवर म्हणाली.

मला प्लास्टर घालून परत आणलं तेव्हा अण्णा काठी टेकत आत होते. मालनने चंद्रप्रकाशांचं डोकं काखेत घेतलं. रत्नप्रभाने पाय. सुरमईचा भाव कुठपर्यंत गेलाय हे मालन सांगायला लागली आणि तिचं वाक्य संपायच्या आत दाढ ट्रेमध्ये पडली. चंद्रप्रकाश उठले, अण्णांच्या पाया पडले.

स्टुलाची चाकं सदोष होती. कंपनीला लिहिणार आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सकाळी शस्त्रपूजा. अण्णांनी सगळ्या पकडी ओळीने मांडल्या, प्रत्येकीवर झेंडू. कॉम्प्रेसरलाही हार. मी त्याला नमस्कार केला. तो सुरू झाला नाही.

अण्णा परत बसले. गुडघ्यासाठी उंच स्टूल आणलंय, बिनचाकांचं. स्टाफचा प्रश्न सुटला असं मृणालिनी म्हणाली. मालन खुर्चीपाशी, रत्नप्रभा काउंटरवर. आकाश जिममध्ये लागला, चंद्रप्रकाशांनीच नेलं. माझं मनगट बरं होईपर्यंत एक जागा रिकामी होती, डाव्या हाताने सक्शन धरायला, गर्दी असली की पाय धरायला. तीही भरली. सहा महिने बघू, मग पर्मनंट करू, ती म्हणाली. हसत म्हणाली, पण एचआरची माणसं हसत बोलतात ते खरं असतं.

सुट्टीमुळे दाराला काच मिळेना. सुताराने विचारलं, तेवढ्या मापाचं काही पडलंय का. रत्नप्रभाने कॉम्प्रेसरच्या मागून माझा बोर्ड ओढून काढला. तो तिथे आहे हे तिला कसं माहीत, देव जाणे. मापात बसला. कोरी बाजू बाहेर, नाव आत.

अण्णा म्हणाले, दसऱ्याला दारावर बोर्ड लावीन म्हटलं होतं, लावला की नाही?

सगळे हसले. मीही हसलो.

सणाचा दिवस, तरी दुपारी बेल वाजली. एक बाई, गाल सुजलेला, पदर तोंडाला लावलेला. माझ्याकडे, प्लास्टरकडे, सक्शनच्या नळीकडे बघून म्हणाली, “भाऊ, डॉक्टर आहेत ना आत?”

आत अण्णा हात धुत होते. मालन पदर खोचत होती.

“आहेत,” म्हटलं. “या.” दार लावून घेतलं, माझं नाव एकदा वाचलं, आणि पाय धरायला गेलो.